घरात मांजर आले. आजींना कोणी विचारले?

‘‘डॉक्टर, मला मांजरावरचं औषध द्या,’’ असे म्हणत त्या आजी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. मांजर चावले की ओरबाडले, असे मी विचारताच त्यांनी नकारार्थी मान हलवली. ‘‘तसं काही नाही. ते घरात आलंय.’’

हा प्रसंग गेल्या पावसाळ्यातला, साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यातला. आजींची परवानगी घेऊन तो येथे सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ७२, जुना दमा, मधुमेह आणि रक्तदाब. दहा महिन्यांपूर्वी यजमान गेलेले. मुलगा आणि सून नोकरी करणारे, नात बारावीत. इमारतीच्या पार्किंगमध्ये भर पावसात स्कूटरखाली कुडकुडत बसलेले एक पिल्लू नातीने ओढणीत गुंडाळून वर आणले. दोन दिवसांसाठी म्हणून आणलेले ते पिल्लू महिनाभर घरातच होते आणि त्याचे नाव ‘गोटी’ असे ठरलेही होते.

तपासणीत छातीत घरघर होती, रक्तदाब १६४/९२ होता आणि लघवीला जळजळ होत होती. मी तिन्ही गोष्टींवर औषधे लिहिली, पाणी भरपूर प्या असे बजावले आणि सोबत आलेल्या मुलाकडे वळून, आम्ही डॉक्टर ज्या सुरात निकाल देतो त्या सुरात म्हटले, ‘‘दमेकऱ्याच्या घरात मांजर नको. देऊन टाका कोणाला तरी.’’ हे सारे सहा-सात मिनिटांत उरकले. बाहेर रांग होती.

हा लेख मी त्या सहा-सात मिनिटांमुळे लिहिते आहे.

पिल्लू नातीच्या मैत्रिणीकडे गेले. पंधरा दिवसांनी आजी पुन्हा आल्या तेव्हा छातीतली घरघर तशीच होती. रक्तदाब किंचित उतरला होता, पण चेहरा अधिक उतरला होता. नात आजीशी बोलत नव्हती, जेवणाचे ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसत होती. ‘‘आई, तुझ्यासाठी दिलं ना मांजर? आता तरी बरं वाटतंय की नाही?’’ असे मुलगा माझ्यासमोरच विचारत होता आणि आजी साडीच्या पदराशी चाळा करीत गप्प होत्या. घरातल्या सर्वांच्या लेखी त्या आता मांजराला घालवणाऱ्या ठरल्या होत्या. वास्तविक मांजर मी घालवले होते.

मुलाला औषधे आणायला पाठवून मी आजींना एक साधा प्रश्न विचारला. तो पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. ‘‘मांजर आल्यापासून तुमच्या दिवसात काय काय बदललं होतं?’’

त्यांनी जे सांगितले ते मी आजवर कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. त्यांची खोली बोळाच्या एका टोकाला आणि मोरी दुसऱ्या टोकाला. रात्री बोळात अंधार असे आणि पिल्लाला नेमकी तिथेच झोपायची सवय लागली होती. एकदा काळोखात त्यांच्या पायाला काहीतरी मऊ लागले, त्या दचकल्या आणि भिंतीला धरून कशाबशा सावरल्या. त्या दिवसापासून त्यांनी दुपारी चारनंतर पाणी पिणेच बंद केले. रात्री उठावेच लागू नये म्हणून! लघवीची जळजळ कोठून आली, हे मला तेव्हा कळले. मधुमेह असलेल्या, पाणी टाळणाऱ्या आणि लघवी रोखून धरणाऱ्या एका स्त्रीला मी मोठ्या अधिकाराने ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगून घरी पाठवले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी अधिक संकोचाने सांगितली. दिवाणखान्यात यजमानांची आरामखुर्ची आहे. ते गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसत नसे. पिल्लाने पहिल्याच आठवड्यात ती आपलीशी केली. ‘‘सगळे हसले. फोटो काढले. मी काय बोलणार?’’

आणि तिसरी गोष्ट दम्याची. दमा काबूत ठेवणारा रोजचा पंप त्यांनी कित्येक महिन्यांपासून घेतलाच नव्हता. धाप लागली की तात्पुरता आराम देणारा पंप तेवढा त्या ओढत होत्या. ‘‘सकाळी ते आठवण करायचे,’’ एवढेच त्या म्हणाल्या. घरघर मांजराच्या आधीपासून होती. मांजर आल्यावर ती सर्वांच्या लक्षात आली, इतकेच.

माझा हा अनुभव तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण असे की, अलीकडे मांजर घरी आणणारी कुटुंबे वाढलेली मला दिसतात आणि बहुतेक घरांत ते न मागितलेली एक व्यक्ती असतेच. कोठे ती आजी असते, कोठे मांजराला घाबरणारा लहान भाऊ, कोठे स्वच्छतेबाबत काटेकोर असलेले वडील. नव्या मांजराला ‘रुळायला वेळ द्या’ असे सारे सांगतात. त्या व्यक्तीला मात्र ‘होईल सवय’ एवढ्यावर बोळवले जाते. सवय होते, पण ती कशाची करून घ्यायची आहे हे आधी समजले पाहिजे. ‘मला मांजर नको’ या एका वाक्यामागे भीती असू शकते, श्वासाचा त्रास असू शकतो, शुचितेची कल्पना असू शकते किंवा केवळ ‘मला विचारले नाही’ हे दुःख असू शकते. प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

श्वासाचे गणित

मांजराची अॅलर्जी ही केसांची अॅलर्जी असते, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो अपुरा आहे. खरे कारण आहे मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील ग्रंथींत तयार होणारे एक प्रथिन. मांजर दिवसभर स्वतःला चाटून स्वच्छ करते, ते प्रथिन केसांवर वाळते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, कपड्यांना आणि गाद्यांना चिकटतात. म्हणूनच कमी केसांचे महागडे मांजर आणले की अॅलर्जी होणार नाही, या विक्रेत्यांच्या बोलण्यावर विसंबू नये. शिवाय मांजर घरातून गेले तरी हे कण घरात चार-सहा महिने टिकून राहू शकतात. तेव्हा ‘पंधरा दिवस मांजर दूर ठेवून पाहू’ हा जो प्रयोग मी अजाणता केला, त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हते. घरघर थांबली नाही म्हणून मांजर निर्दोष ठरत नव्हते आणि थांबली असती तरी ते दोषी ठरले नसते.

संशय असेल तर त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करून घ्यावी. आमच्या आजींच्या चाचणीत मांजराची अॅलर्जी निघाली नाही. निघाली ती घरातल्या धुळीत वाढणाऱ्या सूक्ष्म किडींची, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्या किडी फोफावतातच. रोजचा पंप पुन्हा सुरू झाला, तो ओढण्याची पद्धत मी समोर बसवून शिकवली, आणि महिन्याभरात छाती मोकळी झाली.

सर्वांचे नशीब असे नसते. चाचणीत मांजराचीच अॅलर्जी निघाली आणि त्रास सौम्य असला, तर त्या व्यक्तीची झोपायची खोली मांजराला कायमची बंद करावी. दिवसाचे सात-आठ तास आपण तिथे श्वास घेतो, म्हणून या एका नियमाचा उपयोग मोठा आहे. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, जाड सतरंज्या आणि मखमली खोळी काढून ठेवाव्यात. मांजराला वारंवार आंघोळ घालण्याचा लाभ जेमतेम काही दिवस टिकतो आणि मांजर मात्र कायमचे रुसते. त्रास तीव्र असेल, औषधे नियमित घेऊनही दमा आवरत नसेल, तर मांजराला दुसरे चांगले घर शोधावे हेच योग्य. मात्र तो निर्णय तपासणीअंती घ्यावा, आणि तो डॉक्टरांचा म्हणून घरात सांगावा. आजारी माणसाच्या माथी तो मारू नये.

भीतीला वेळापत्रक नसते

मांजराला घाबरणाऱ्या माणसाची चेष्टा करणे हा आपल्याकडे मान्यताप्राप्त विनोद आहे. ‘एवढंसं पिल्लू, ते काय खातंय तुला?’ असे म्हणत ते मांडीवर आणून ठेवणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. कृपा करून हे कधीही करू नका. भीती अशी एका झटक्यात जात नाही, उलट ती पक्की होते. दचकून झटकलेले पिल्लूही घाबरून नखे काढते आणि मग दोघांचाही परस्परांविषयीचा ग्रह कायम होतो.

भीती पायरीपायरीने उतरते. पहिले काही दिवस मांजर जाळीच्या दाराआड किंवा वेगळ्या खोलीत असावे. त्याचा आवाज, त्याचे वावरणे दुरून पाहायला मिळाले तरी पुरे. मग एकाच खोलीत, पण मांजर टोपलीत किंवा प्रवासाच्या पिंजऱ्यात. मग दहा मिनिटे मोकळे, घाबरणाऱ्या व्यक्तीची खुर्ची दाराजवळ, म्हणजे तिला हवे तेव्हा उठून जाता येईल. पुढची पायरी केव्हा चढायची हे त्या व्यक्तीनेच ठरवावे. कोणाला आठ दिवस लागतील, कोणाला तीन महिने.

गंमत अशी की मांजरासाठीही हीच पद्धत उत्तम असते. नव्या घरात आलेले मांजर पहिले काही दिवस पलंगाखाली, कपाटामागे दडून बसते. त्याला एक छोटी खोली, त्यात पाणी, खाणे, शौचाचा ट्रे आणि लपायला एखादे खोके मिळाले की ते हळूहळू धीट होते. खाण्याची जागा आणि शौचाची जागा मात्र लांब लांब हवी; याबाबत मांजर आपल्यापेक्षा सोवळे असते.

‘‘पण ते मुद्दाम माझ्याच पायाशी येतं!’’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती खरी असते. टक लावून पाहणारा, हात पुढे करून ‘ये ये’ करणारा माणूस मांजराला धोक्याचा वाटतो. जो त्याच्याकडे पाहत नाही, हलत नाही, त्याच्याजवळ जाणे त्याला सुरक्षित वाटते. घाबरून स्तब्ध बसलेल्या आजी म्हणूनच त्याच्या लेखी घरातल्या सर्वांत सभ्य व्यक्ती होत्या. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या त्या दिवशी प्रथमच हसल्या.

शुचितेचा प्रश्न सुनेला मोठा अवघड वाटत होता. मला तो सर्वांत सोपा वाटला, कारण आजींना मांजर ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांच्या माहेरी, वाईजवळच्या एका गावात, धान्याच्या कणग्या होत्या, उंदीर होते आणि म्हणून मांजरेही होती. पण ती माळ्यावर, गोठ्यात, परसात असत. मांजर घराचे असे, पण घरात नसे. गादीवर झोपणारे आणि मोरीच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये शौचाला जाणारे मांजर ही त्यांच्यासाठी नवी वस्तू होती. अशा व्यक्तीला ‘तुम्ही जुन्या विचारांच्या’ असे म्हणण्यात अर्थ नाही. स्वयंपाकाचा ओटा, देवघर आणि आजींची खोली येथे मांजर जाणार नाही, असे ठरले आणि ते पाळले गेले, तेव्हा निम्मा वाद मिटला. ट्रे मोरीतून नातीच्या अभ्यासाच्या गॅलरीत गेला. मांजर जिने आणले, तिनेच तो साफ करायचा.

आता थोडे डॉक्टरकीचे

ट्रेच्या साफसफाईबाबत एक गोष्ट गरोदर स्त्री असलेल्या घरांनी लक्षात ठेवावी. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो. मात्र विष्ठेतली त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करावा, तो दुसऱ्या कोणीतरी करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. अर्धकच्चे मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतूनही हाच संसर्ग होतो, तेव्हा केवळ मांजर घालवून निश्चिंत होऊ नये. मांजराचा केस पोटात गेला की मूल होत नाही, हा समज मात्र निव्वळ निराधार आहे. तो मी आजही सुशिक्षित घरांत ऐकते.

चावा आणि ओरखडा यांबाबत मी अजिबात सवलत देणार नाही. रेबीज मांजराकडूनही होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. दात किंवा नख लागून रक्त आले, नुसते खरचटले तरी, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे! हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दंडात द्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. त्वचेत देण्याच्या लसीचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. रक्त आले असेल तर जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. मध्येच डोस सोडू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही ही लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने देत राहावे.

मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून टाचणी टोचल्याइतकी दिसते आणि आत मात्र खोल जाते. चोवीस तासांत हात लाल होऊन सुजला, तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे. मधुमेह असलेल्यांनी तर सूज येण्याचीही वाट पाहू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वयस्क माणसांच्या उशाशी गोळ्यांचे डबे असतात. तापासाठी, अंगदुखीसाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. तिची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. लाडाने वाटीभर दूध देण्याचीही गरज नाही. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. ताजे पाणी पुरेसे असते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी लावून घ्या. मांजर नेहमी पायांवरच पडते या भरवशावर राहू नका.

बोळातला दिवा

पुन्हा आजींकडे येते. मांजर नको असे त्यांना खरोखरच वाटत आहे का, असे मी विचारले. त्या बराच वेळ विचार करीत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मांजर आणा परत. पोरगी वाळत चाललीय. पण मला रात्री मोरीपर्यंत जाता आलं पाहिजे.’’

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खरे तर पहिल्या भेटीनंतरच जायला हवे होते. बोळात रात्रभर जळणारा छोटा दिवा बसवला, सत्तर-ऐंशी रुपयांचा. पायपुसणे सरकत होते, ते काढले. वयस्क माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर पुढचे वर्ष कसे जाते हे मी अनेक घरांत पाहिले आहे, त्यामुळे या दिव्याला मी कोणत्याही गोळीपेक्षा कमी लेखत नाही. रात्री दहानंतर मांजर गॅलरीत आणि गॅलरीचे दार बंद, असे ठरले. आरामखुर्ची दिवाणखान्यातून उचलून आजींच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवली. त्यावर कोणी काही बोलले नाही. मुलानेच ती उचलून नेली.

आणि दिवसा मांजर कोठे आहे हे कळावे म्हणून त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचे ठरले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा आपल्या भाषेतला जुना पेच. नातीने तो दोन मिनिटांत सोडवला. पट्टा मात्र ओढ बसली की आपोआप सुटणारा घ्यावा, नाहीतर खिडकीच्या गजात अडकून मांजराला फास बसू शकतो.

नातीशी मी वेगळे बोलले. आजीने मांजरावर प्रेम केले पाहिजे, अशी अट घालू नकोस, एवढेच तिला सांगितले. आजीच्या पाण्याचा तांब्या संध्याकाळी भरून ठेवायचा आणि सकाळच्या पंपाची आठवण करायची, ही दोन कामे तिने स्वतःहून अंगावर घेतली.

गेल्या आठवड्यात आजी नेहमीच्या तपासणीसाठी आल्या होत्या. छाती स्वच्छ होती, रक्तदाब १३६/८२ होता. त्या अजूनही मांजराला हात लावत नाहीत. उठता उठता त्यांनी पिशवीतून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत घुंगरू होते.

‘‘यातला खडा पडलाय कुठेतरी. आवाजच येत नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काल अर्धा दिवस शोधत होते, गेलं कुठे म्हणून. दुसरं कुठे मिळेल?’’